ड्रायव्हर कुठे आहे?

१९७४ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘किलडोझर’ नावाचा भयपट लागला होता. एका बेटावर बांधकामासाठी आलेल्या मूठभर कामगारांना जमिनीत रुतलेली उल्का सापडते. तिच्यातली कसलीशी परकी शक्ती त्यांच्याच बुलडोझरमध्ये शिरते आणि तो बुलडोझर त्यांना एकेक करून संपवत सुटतो. यातली अडचण लवकरच ध्यानात येते. बुलडोझर येतोय हे अर्ध्या बेटाला ऐकू जातं, आणि पायांत थोडाफार जोर असलेला कुणीही त्याला मागे टाकू शकतो. गोष्ट बेटावर नेऊन ठेवलीय ती बहुधा त्यासाठीच, नाहीतर कामगार सरळ घरी निघून गेले असते. पाहताना भीतीपेक्षा हसूच जास्त येतं.

गंमत म्हणजे त्याच वाहिनीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘ड्युएल’ दाखवला होता. तिथेही एक अवजड यंत्र, एक घाबरलेला माणूस आणि ओसाड परिसर. पण ‘ड्युएल’ बघताना आजही पाचावर धारण बसते. लोखंड तेच, डिझेल तेच. मग एक यंत्र घाबरवतं आणि दुसरं हसवतं, हे कसं?

भयपटांतल्या गाड्यांवर लिहिताना लोक बहुधा याद्या करतात. कुठली गाडी किती जणांना चिरडते, मॉडेल कुठलं, रंग कुठला. त्या याद्या वाचायला मलाही आवडतात, पण त्यातून भीतीचा उलगडा होत नाही. माझ्या मते सगळी मेख एकाच प्रश्नात आहे: गाडी चालवतंय कोण? हा प्रश्न चित्रपट किती वेळ अधांतरी ठेवू शकतो, त्यावर भीती ठरते.

‘ड्युएल’ची गोष्ट पोस्टकार्डावर मावेल. डेव्हिड मॅन नावाचा एक विक्री प्रतिनिधी आपल्या लाल गाडीतून कॅलिफोर्नियातल्या उजाड, डोंगराळ रस्त्याने कामाला निघालाय. पुढे एक गंजका, धूर ओकणारा टँकर रखडत चाललाय. मॅन त्याला ओव्हरटेक करतो. एवढाच त्याचा गुन्हा. त्यानंतर टँकर त्याची पाठ सोडत नाही. कथा आणि पटकथा रिचर्ड मॅथेसन यांची. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा जेमतेम चोविशीतले. साधारण दोन आठवड्यांत चित्रीकरण उरकलं. टँकर एकच असल्यामुळे तो कड्यावरून खाली कोसळतो ते दृश्य एकाच झटक्यात घ्यावं लागलं. चुकलं असतं तर दुसरी संधी नव्हती.

त्या टँकरचा चालक आपल्याला दिसत नाही. खिडकीतून बाहेर आलेला एक हात दिसतो. तो मॅनला ‘जा पुढे’ म्हणून खुणावतो आणि नेमकी समोरून गाडी येत असते. एकदा बूट दिसतात. बस्स. मधे एक प्रसंग रस्त्याकडेच्या खाणावळीतला आहे. मॅन जीव मुठीत धरून आत शिरतो, तोंड धुतो, बाहेर बघतो तर टँकर दारात उभा. म्हणजे चालक इथेच, या जेवणाऱ्यांतलाच कुणीतरी. मॅन एकेकाचे बूट निरखू लागतो. सगळ्यांचे बूट सारखेच! शेवटी धीर करून तो एकाला जाब विचारतो आणि मार खातो. तो माणूस भलताच निघतो. इतक्यात बाहेर टँकर सुरू होतो. संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत भयंकर वाटतो तो हाच प्रसंग, आणि त्यात टँकर जवळजवळ सगळा वेळ जागचा हलतसुद्धा नाही.

आता इथे जरा मानसशास्त्राकडे वळू, कारण दिग्दर्शक ज्या तारा छेडतो त्या आपल्या डोक्यात आधीपासून ताणलेल्या असतात.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन झिमेल या दोघांनी एक छोटीशी ॲनिमेशन फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट, एवढंच होतं. हे आकार पडद्यावर इकडेतिकडे सरकतात. काय दिसलं ते लिहा, असं त्यांनी ३४ जणांना सांगितलं. फक्त एका व्यक्तीने ‘त्रिकोण सरकला, वर्तुळ आत गेलं’ असं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना सजीव पात्रं दिसली: मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ घाबरलेलं, छोटा त्रिकोण त्याचा कैवारी. आकारांना डोळे नव्हते, हातपाय नव्हते. फक्त हालचाल होती, आणि हालचालीत हेतू शोधणं हा आपल्या मेंदूचा धर्म आहे.

हे ‘ड्युएल’ला लावून बघा. टँकर भरधाव येतो म्हणून आपण घाबरतो, असं वाटतं खरं. पण भरधाव येणारी गाडी हा अपघात असू शकतो. मॅन वेग कमी करतो तेव्हा टँकरही कमी करतो, मॅन थांबतो तेव्हा तो पुढे जाऊन वाट बघत बसतो, आणि हा अपघात असू शकत नाही. अंगावर काटा येतो तो वेग जुळवून घेण्याने. त्याच्या मनात काहीतरी आहे, एवढं त्यातून कळतं. काय आहे, ते कळत नाही. बुलडोझरच्या बाबतीत उलट झालंय. त्याच्या अंगात कोण शिरलंय हे आपल्याला आरंभीच दाखवून टाकलंय. मग शोधायला उरतंच काय?

दुसरी तार चेहऱ्याची. ढगांत, भिंतीवरच्या डागांत, विजेच्या सॉकेटमध्ये आपल्याला तोंडं दिसतात. गाडीत तर ती न दिसली तरच नवल: दोन दिवे म्हणजे डोळे, मधली जाळी म्हणजे दात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००८ मध्ये लोकांना निरनिराळ्या गाड्यांच्या दर्शनी बाजू दाखवून त्यांचा ‘स्वभाव’ विचारला, तेव्हा ही गाडी रागीट, ती वरचढ, ती पोरकट अशा बाबतींत लोकांची मतं बरीच जुळली. स्पीलबर्ग यांनी अनेक ट्रकांमधून १९५५चा एक पीटरबिल्ट निवडला, तो याच कारणाने. बाकीच्यांची नाकं चपटी होती. याचं लांब नाक आणि दुभागलेली काच चेहऱ्यासारखी दिसत होती. मग त्याला तेल, धूळ, गंज यांनी माखवून काढलं. पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटांची रांग लावली. त्याबद्दल चित्रपटात एक शब्द कुणी बोलत नाही. याआधी कितीजण मॅनसारखे भेटले असतील, हे ज्याने त्याने मोजून घ्यायचं.

याच्या नेमकं उलटं काय होतं ते ‘मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह’ या १९८६च्या चित्रपटात दिसतं. लेखक स्टीफन किंग यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. धूमकेतूच्या प्रभावाने जगातली यंत्रं उलटतात आणि ट्रक एका पेट्रोल पंपाला वेढा घालतात. म्होरक्या ट्रकच्या तोंडावर चक्क एका कॉमिकमधल्या हिरव्या खलनायकाचा भलामोठा मुखवटा बसवलाय. म्हणजे जे काम प्रेक्षकाच्या मेंदूने गुपचूप केलं असतं, ते दुकानाच्या पाटीसारखं रंगवून समोर मांडलं. मुखवट्याला भिऊन भिऊन किती वेळ भिणार? पुढे किंग यांनी स्वतःच या चित्रपटाची टर उडवली.

तिसरी गोष्ट म्हणजे अंगावर येणं. १९६२ साली काही संशोधकांनी माकडांसमोर पडद्यावर एक सावली झपाट्याने मोठी होत जाताना दाखवली. माकडं दचकून मागे सरली, काहींनी अंग चोरलं. तीच सावली लहान होत गेली तेव्हा असं झालं नाही. वेगाने मोठी होणारी आकृती म्हणजे धडक, हे गणित विचार करण्याआधीच सुटलेलं असतं. कानांचंही तसंच. चढत जाणारा आवाज आपल्याला तेवढ्याच उतरत्या आवाजापेक्षा जास्त बदललेला भासतो, असं १९९८ मधल्या एका प्रयोगात दिसलं. जे जवळ येतंय त्याची दखल जे दूर जातंय त्यापेक्षा आधी घ्यायला हवी, हे उघड आहे. खऱ्या रस्त्यावर गाडी जवळ येते, बाजूने निघून जाते आणि तिचा आवाज खाली उतरतो. त्या उतरण्यात आपला सुस्कारा असतो. चांगला भयपट तो सुस्कारा अडवून धरतो. आवाज चढतो, चढतो, आणि उतरायच्या आधीच दृश्य कापलं जातं.

‘ड्युएल’च्या शेवटी टँकर दरीत कोसळतो तेव्हा लोखंडाच्या कर्कश आवाजात एक डरकाळी मिसळलेली आहे. ती एका जुन्या डायनोसॉरपटातून उचललेली होती. चार वर्षांनी स्पीलबर्ग यांनी ‘जॉज’मध्ये शार्क बुडताना तीच पुन्हा वापरली. टँकरची आणि शार्कची जातकुळी एकच, हे त्यांनी असं कानांतून सांगून ठेवलंय.

वेग दाखवण्याच्या युक्त्या मात्र साध्या आहेत, त्यात गूढ काही नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) दाखवला जातो. चित्रीकरण १८ चौकटींनी केलं तर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी पडद्यावर ८०ने धावते. जास्त ओढलं तर धूळ आणि माणसं मूकपटातल्यासारखी तुरुतुरु हलू लागतात, म्हणून हात राखून करावं लागतं. कॅमेरा डांबरापासून वीतभर उंचीवर ठेवला की रस्ता भर्रकन पोटाखालून जातो. दूरचं जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स लावली की मागची गाडी प्रत्यक्षात बरीच लांब असूनही बंपरला चिकटल्यासारखी दिसते. स्टंट करणारेही त्यामुळे सुरक्षित राहतात.

चालक लपवण्याच्या पुढची पायरी म्हणजे चालक नसणं. १९७७च्या ‘द कार’ मध्ये एक काळी, बुटकी, लांबलचक गाडी वाळवंटातल्या छोट्या गावावर तुटून पडते. जॉर्ज बॅरिस यांनी एका लिंकन कॉन्टिनेंटलवर कारागिरी करून ती घडवली. टीव्हीवरच्या बॅटमॅनची १९६६ची गाडी, बॅटमोबिल, तीही त्यांचीच. हिला नंबरप्लेट नाही, आणि दारांना बाहेरून मुठी नाहीत. हा छोटासा तपशील मला फार आवडतो. ज्या गाडीत कुणी शिरू शकत नाही तिच्यातून कुणी उतरणारही नाही, हे एका नजरेत कळतं. शिवाय अधूनमधून आपण तिच्या आतून, पिवळट काचेतून बाहेर बघतो. म्हणजे आत बघणारं कुणीतरी आहे, पण बसणारं कुणी नाही.

या गाडीला एक नियमही आहे. पवित्र भूमीवर, म्हणजे कबरस्तानात, ती शिरू शकत नाही. मुलांना घेऊन तिथे आसरा घेतलेली शिक्षिका फाटकाआडून तिला मनसोक्त शिव्या घालते. गाडी चिडते, जागच्या जागी गरगर फिरते आणि निघून जाते. नंतर ती त्या बाईंच्या घरातून आरपार जाते. अगदी खरोखर, हवेत उडी घेऊन. प्रसंग थोडा हास्यास्पद आहे, पण मनात राहतो. अपमान लक्षात ठेवणारी गाडी! भुताला नियम हवेतच, आणि गाडीला तर जास्तच, कारण गाडी मुळात रस्त्याने बांधलेली असते. ‘हा माणूस रस्ता सोडून शेतात का नाही शिरत?’ असं प्रेक्षकाच्या मनात एकदा आलं की खेळ खलास.

मग येते क्रिस्टीन. किंग यांची कादंबरी १९८३ची, आणि जॉन कार्पेंटर यांचा चित्रपटही त्याच वर्षीचा. आर्नी नावाचा बुजरा, चष्मिस पोरगा मोडकळीला आलेली १९५८ची प्लिमथ फ्युरी विकत घेतो, तिच्या प्रेमात पडतो, आणि जो त्याच्या वाटेला जाईल त्याला क्रिस्टीन गाठते. चित्रपटाच्या सुरुवातीला कारखान्यात गाड्या एकामागून एक तयार होऊन येताहेत. सगळ्या फिक्या रंगाच्या, मधे एकटी क्रिस्टीन लालभडक. त्या वर्षी फ्युरी कारखान्यातून खरोखरच फक्त फिकट बदामी छटेत निघायची, त्यामुळे लाल फ्युरी ही जन्मापासूनच घराण्याबाहेरची. फ्युरी तेव्हाही दुर्मीळ झाली होती. वीसहून अधिक गाड्या जमवल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच तिच्या स्वस्त बहिणी होत्या, फ्युरीसारख्या सजवलेल्या.

गुंडांनी ठेचून ठेचून चेंदामेंदा केलेली ती गाडी आर्नीसमोर स्वतःला दुरुस्त करते, हा त्यातला गाजलेला प्रसंग. संगणकाने असली दृश्यं बनवण्याचे दिवस अजून आले नव्हते. प्लॅस्टिकच्या भागांची एक गाडी तयार केली, आत हायड्रॉलिक यंत्रणा बसवली, ती पत्रा आतल्या बाजूला ओढून गाडीचा चुराडा करायची. हे चित्रीकरण उलटं चालवलं की पोचे भरून येतात, वाकलेला पत्रा करकरत सरळ होतो, जाळीचे दात पुन्हा चमकू लागतात. उलट्या चित्रीकरणात हालचालीला एक विचित्र लय येते, श्वास भरून घेतल्यासारखी. संगणकावर हे जास्त गुळगुळीत झालं असतं आणि त्यातला जीव गेला असता, असं माझं मत.

पण ‘क्रिस्टीन’ची खरी भीती तिच्या पत्र्यात नाही, आर्नीत आहे. त्याचा चष्मा जातो, केस मागे वळतात, कपडे पन्नाशीच्या दशकातले होतात, जिभेवर जुना, कडवट माणूस येऊन बसतो. पोरगं गाडी चालवायला शिकतं आणि बघता बघता गाडीच पोराला चालवू लागते. चालकाची जागा इथे भरलेली आहे, पण भरून काय उपयोग?

हिंदीतली २००४ची ‘टारझन: द वंडर कार’ आठवली असेलच. मेलेला बाप मुलाच्या गाडीत येऊन आपल्या खुन्यांना मारतो. युक्ती बरीचशी तीच, पण भीती नाही. आत कोण आहे ते माहीत आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे, मग टाळ्याच पडणार.

चालक समोर दिसत असूनही वाहन भयानक वाटू शकतं का? वाटतं, आणि याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालंय. स्वीडनमध्ये १९२१च्या पहिल्या दिवशी ‘द फँटम कॅरेज’ हा मूकपट प्रदर्शित झाला. सेल्मा लागरलोफ यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक आणि नायक व्हिक्टर शोस्त्रोम. वर्षाच्या शेवटच्या रात्री, बाराच्या ठोक्याला जो मरेल त्याला पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते, अशी कल्पना. गाडी म्हणजे मोडकं छकडं, घोडा मरतुकडा. वेग अजिबात नाही. एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण करून छकडं पारदर्शक दाखवलंय. त्यातून मागची भिंत दिसते, झाडं दिसतात, ते समुद्राच्या पाण्यावरूनही जातं. हाकणारा दुष्ट नाही. तो थकलाय, त्याला हे काम नकोय, तो आपल्या जागी येणाऱ्याची वाट बघतोय. ‘कोण चालवतंय?’ या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं, आणि ते उत्तर आहे ‘पुढच्या वर्षी कदाचित तूच.’

१९४५च्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश चित्रपटातला एक छोटा किस्सा याच घराण्यातला. अपघातातून वाचलेला एक शर्यतपटू रात्री रुग्णालयाच्या खिडकीचा पडदा सारतो, तर बाहेर लख्ख दिवस आणि खाली शववाहिका उभी. तिचा चालक वर बघून शांतपणे म्हणतो, आत एकाच माणसाची जागा आहे. काही दिवसांनी तो बरा होऊन बसथांब्यावर उभा राहतो. बस येते. कंडक्टरचा चेहरा तोच, वाक्यही तेच. तो बसत नाही. बस पुढे जाऊन खाली कोसळते. आजवर कितीही पाठलाग पाहिले असले, तरी एका सभ्य माणसाने अदबीने ‘या ना’ म्हणावं, यापेक्षा थंडगार काही मी पाहिलेलं नाही.

राहिली ती न चालणारी गाडी. ऐन वेळी इंजिन खाकरतं आणि बंद पडतं, हा भयपटांतला इतका झिजलेला प्रकार आहे की आपण आता त्यावर हसतो. पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत घाबरून ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की जास्तीचं पेट्रोल आत जाऊन स्पार्क प्लग भिजतात, आणि मग ठिणगी पडेना. म्हणजे भीतीनेच गाडी बंद पडायची. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, त्यामुळे पटकथाकारांची एक हक्काची सोय गेली.

‘कुजो’मध्ये हीच सोय सोन्यासारखी वापरलीय. तोही १९८३चा आणि किंग यांच्याच कादंबरीवरचा. एक आई लहान मुलाला घेऊन बिघडलेली गाडी दुरुस्तीला आडबाजूच्या शेतावर आणते. गाडी आवारात पोहोचते आणि मरते. मेकॅनिक घरी नाही. आहे तो त्याचा पिसाळलेला थोराड कुत्रा. बाहेर पडलं तर कुत्रा, आत राहिलं तर ऊन आणि तहान. चाकं फिरत नाहीत, आणि चालकाच्या जागी बसलेल्या बाईच्या हातात असलेलं स्टिअरिंग कशालाच जोडलेलं नसल्यासारखं वाटतं. काचा बंद केल्या की घर, आणि त्याच बंद काचा म्हणजे पिंजरा, हे ती एका दुपारीत शिकते.

गेल्या काही वर्षांत हा सगळा प्रकार उलटलाय. रिकामी चालकाची जागा ही आता भुताटकी राहिली नाही, ती जाहिरातीतली सोय आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी एका पत्रकाराच्या संमतीने, तो महामार्गावर गाडी चालवत असताना, घरी बसून लॅपटॉपवरून ती निकामी करून दाखवली होती. त्यानंतर कंपनीला १४ लाख वाहनं दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. ‘ड्युएल’मधला खिडकीतून बाहेर आलेला हात आठवतो? तो हात आता गाडीत असण्याचीही गरज उरलेली नाही.

‘लीव्ह द वर्ल्ड बिहाइंड’ या २०२३च्या चित्रपटात एक कुटुंब जीव वाचवायला शहराकडे निघतं. रस्ता अडलेला. पांढऱ्याशुभ्र, नव्याकोऱ्या टेस्ला गाड्या एकमेकींवर आदळून खच पडलाय. कुठेही रक्त नाही, कुणी ओरडत नाही, एकाही गाडीत माणूस नाही. आई उतरून एका गाडीच्या काचेपाशी जाते. विक्रीच्या वेळचा सोयींची यादी असलेला कागद तिथे अजून तसाच चिकटलेला असतो. त्यातल्या एका ओळीत लिहिलेलं असतं की ही गाडी स्वतःच चालते. ती ओळ वाचून तिला उमगतं न उमगतं तोच, मागून तशीच आणखी एक गाडी भरधाव येताना दिसते.